ध्रुवप्रदेशाचे रक्षण आणि आपली राहणी

(न्यूनेन येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)





संयोजकांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'ध्रुवप्रदेशाचे रक्षण' असे कळविले. दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग अत्यंत विनयाने पृच्छा झाली, "डॉक्टरसाहेब, मधुमेहावर बोलता येणार नाही का?" मधुमेहावर आम्ही दरवर्षी बोलतो, आणि दरवर्षी व्याख्यान संपताच गुलाबजाम वाढले जातात. तेव्हा यंदा विषय बदलण्यास कोणाची हरकत नसावी.

मात्र हा विषय आम्ही केवळ हौसेने निवडलेला नाही. त्यामागे आमच्या व्यवसायात आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती यथावकाश सांगूच.

आज आपण ज्या गावी जमलो आहोत तेथूनच प्रारंभ करू. डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ या काळात व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा चित्रकार या न्यूनेन गावी राहिला. त्याचे वडील येथे धर्मोपदेशक होते. १८८५ च्या वसंत ऋतूत त्याने येथील एका गरीब शेतकरी कुटुंबाचे चित्र काढले. 'बटाटे खाणारी माणसे' या नावाने ते आज जगभर ओळखले जाते. पाच माणसे, एक टेबल, बटाट्यांनी भरलेली एक थाळी आणि वर टांगलेला एकच तेलाचा दिवा. हे चित्र पाहताना आपल्यापैकी अनेकांना स्वतःचे घर आठवले असेल. आम्हांस आमच्या घरातील रॉकेलची चिमणी आठवली. तिच्याच उजेडात आमचा अभ्यास झाला, आणि तिच्याच काजळीने सकाळी नाकपुड्या काळ्या होत.

अलीकडे पर्यावरणाविषयी बोलणारे काही सज्जन अशा दिव्याकडे बोट दाखवितात आणि म्हणतात, पाहा, पूर्वीची माणसे किती थोडक्यात राहत! येथे आम्हांस त्यांना थांबवावेसे वाटते. ही माणसे थोडक्यात राहत, कारण त्यांच्यापाशी अधिक काही नव्हतेच. त्याला संयम म्हणत नाहीत, दारिद्र्य म्हणतात. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात धर्माच्या कसोट्या सांगितल्या. त्यांतील एक कसोटी अशी की, धर्माने दारिद्र्याचा गौरव करता कामा नये. हीच कसोटी पर्यावरणाच्या विचारालाही लावली पाहिजे. म्हणून प्रारंभीच स्पष्ट करतो की, आपण पुन्हा चिमणीकडे जावे असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आपल्या आईवडिलांनी हाल सोसले ते आपण उबदार घरात राहावे म्हणूनच. त्या उबेची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु त्या उबेचा धूर कोठे जातो, हे विचारण्याचे धैर्य मात्र आपल्यापाशी असले पाहिजे.

ध्रुवप्रदेशाचा आणि आपला संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. हा संबंध चारशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. यान हाउगेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस होता. मसाल्याच्या व्यापाराची आणि सागरी मार्गांची माहिती घेऊन तो मायदेशी परतला. पोर्तुगीजांचा मार्ग टाळून उत्तरेच्या बर्फातून चीन आणि हिंदुस्थानकडे जाता येईल काय, याचा शोध घेण्यासाठी १५९४ आणि १५९५ साली ज्या डच मोहिमा निघाल्या, त्यांत लिन्शोटेन होता आणि विलेम बारेंट्स हा नावाडीही होता. म्हणजे ध्रुवाकडे जाणाऱ्या या पहिल्या डच जहाजांच्या मनात बर्फ नव्हता, मिरी होती.

१५९६ साली बारेंट्स तिसऱ्यांदा निघाला. त्या जूनमध्ये या खलाशांनी स्पिट्सबर्गेन बेट पाहिले. तेथे त्यांना काळसर रानहंस अंड्यांवर बसलेले आढळले. हेच पक्षी दर हिवाळ्यात हॉलंडच्या किनाऱ्यावर येत. परंतु ते अंडी कोठे घालतात हे युरोपात कोणास ठाऊक नव्हते, आणि हे पक्षी झाडाला फळासारखे लागतात असे पंडितांनी ग्रंथांत लिहून ठेवले होते. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा कालामांना दिलेला उपदेश आपणांस परिचित आहे. त्या खलाशांनी नकळत तेच केले. शोधमोहिमेचे खरे फळ हे असे असते.

पुढे नोव्हाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज बर्फात अडकले. सतरा माणसांनी वाहत आलेल्या ओंडक्यांचे आणि जहाजाच्या फळ्यांचे घर बांधले आणि ध्रुवीय रात्र त्यात काढली. त्यांतील हेरिट दे व्हेर याने दैनंदिनी लिहून ठेवली. ७ डिसेंबर १५९६ ची नोंद प्रत्येक वैद्याने वाचावी अशी आहे. थंडी असह्य झाली म्हणून त्यांनी जहाजावरचा दगडी कोळसा आणून पेटविला. ऊब सुटली. ती बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी दार आणि धुराडे घट्ट बंद केले आणि समाधानाने अंथरुणात गप्पा मारीत पडले. थोड्या वेळाने त्यांना भोवळ येऊ लागली. सर्वांत आधी हे जाणवले ते त्यांच्यातील आजारी माणसाला. ज्यांच्या अंगात बळ होते त्यांनी कसेबसे उठून धुराडे उघडले आणि दार उघडले. दार उघडणारा बाहेर बर्फावर बेशुद्ध पडला. मग थंड हवा आत आली आणि सर्व जण वाचले.

कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू त्यांना मारीत होता, हे आज आपण जाणतो. त्याला वास नाही, रंग नाही. बाहेर मृत्यूसारखी थंडी होती, परंतु त्या रात्री त्यांना मारावयास निघाली होती ती त्यांचीच शेकोटी. या सतरांपैकी बारा जण १ नोव्हेंबर १५९७ रोजी ॲम्स्टरडॅमला परतले. बारेंट्स परतला नाही. उघड्या होड्यांतून परत येताना २० जून रोजी त्याचा अंत झाला. १८७१ साली एका नॉर्वेजियन कप्तानाला ते घर सापडले. त्यातील वस्तू ॲम्स्टरडॅमच्या रायक्सम्यूझियममध्ये आहेत. मुलांना अवश्य दाखवा.

आता आमची चूक सांगतो. आम्ही भूलतज्ज्ञ आहोत. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी वायू देऊन निद्रिस्त करणे आणि सुखरूप जागे करणे हे आमचे काम. आमच्या व्यवसायात डेस्फ्लुरेन नावाचा एक वायू गेल्या काही दशकांत लोकप्रिय झाला. रुग्ण त्यातून लवकर जागा होतो, म्हणून आम्हांसही तो प्रिय होता. हा वायू शरीरात जवळजवळ बदलत नाही. रुग्ण जसा घेतो तसाच सोडतो, आणि तो नळीवाटे इमारतीच्या बाहेर सोडून दिला जातो. शस्त्रक्रियागृहात आम्हांस त्याचा वास येऊ नये याची चोख व्यवस्था होती. तो पुढे कोठे जातो, हे आम्ही पुष्कळ वर्षे विचारले नाही.

हा वायू पृथ्वीभोवतीची उष्णता धरून ठेवण्यात, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे अडीच हजार पट प्रभावी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, भूल देण्याचे हे वायू अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण शेटलंड बेटांवरील हवेतही मोजता येतात. इतक्या दूरच्या हवेत आमच्या शस्त्रक्रियागृहांतील उच्छ्वास पोहोचला होता! ते वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्यानंतर आम्ही दुसरी औषधे वापरू लागलो. रुग्णाचे त्यात काहीही नुकसान झाले नाही. युरोपीय संघाने २०२६ च्या प्रारंभापासून या वायूचा वापर निव्वळ अपरिहार्य वैद्यकीय गरजेपुरता मर्यादित केला आहे. परंतु कायदा येईपर्यंत आम्ही का थांबलो होतो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही.

वैद्यकात आपण पाहतो की, रोग एका ठिकाणी असतो आणि त्याचे चिन्ह दुसऱ्याच ठिकाणी दिसते. यकृत बिघडते आणि डोळे पिवळे होतात. पृथ्वीच्या रोगाची चिन्हे आज ध्रुवांवर दिसत आहेत. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. रोग मात्र तेथे नाही. तो आपल्या चुलीत, मोटारीत, विमानात आणि कारखान्यात आहे. १९८० च्या दशकात उत्तर क्वेबेकमधील इन्युइट मातांच्या दुधात विद्युत-उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या विषारी रसायनांचे प्रमाण दक्षिणेकडील मातांच्या तुलनेत कितीतरी अधिक आढळले. ही रसायने त्यांनी बनविली नव्हती की वापरली नव्हती. वारा, समुद्र, मासे आणि सील या वाटेने ती त्यांच्या घरी आली होती. ज्याने काही केले नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याची घाण यावी, ही गोष्ट आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

शोधामागून लूट येते, हाही इतिहासाचा धडा आहे. स्पिट्सबर्गेन सापडल्यावर वीस वर्षांच्या आत, १६१४ साली, डच व्यापाऱ्यांनी देवमाशांच्या शिकारीसाठी कंपनी स्थापन केली. तेथील एका बेटावर स्मीरेनबर्ग नावाची वसाहत उभी राहिली. नावाचा अर्थच 'चरबीचे गाव'. देवमाशांची चरबी कढवून तेल काढीत, आणि ते युरोपातील दिव्यांत आणि साबणांत जाई. काही दशकांतच त्या खाड्यांतून देवमासे नाहीसे झाले. मग खाड्या सोडून शिकारी खोल समुद्रात गेले. तेथील मोठ्या देवमाशाची जात त्यातून आजही पुरती सावरलेली नाही.

याच्या उलट उदाहरण दक्षिण ध्रुवाचे आहे, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. ज्या गोव्यातून लिन्शोटेन मिरीची माहिती घेऊन गेला, त्याच गोव्यातून आपली माणसे ज्ञानासाठी निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्री-शास्त्रज्ञ होत्या. त्यांपैकी डॉ. अदिती पंत या नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठाच्या पदवीधर. समुद्रातील सूक्ष्म जीवांचा त्यांचा अभ्यास होता. आपल्या मुलींना हे नाव अवश्य सांगा. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले स्थानक उभारले गेले. ते बर्फाच्या थरावर होते, आणि काही वर्षांतच बर्फाने ते गिळले. नंतर १९८९ साली 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' ही स्थानके खडकावर बांधली गेली. उत्तरेकडे स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ओलेसुन्द या गावी २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन-केंद्र आहे. आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, हे तपासणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. त्याच चिमुकल्या गावात खोनिंगेन विद्यापीठाचे डच केंद्रही आहे आणि तेथे रानहंसांचाच अभ्यास चालतो. हे पूर्वी कोळशाच्या खाणीचे गाव होते. १९६२ सालच्या स्फोटात एकवीस कामगार मेल्यानंतर ती खाण बंद पडली. खाणीच्या काळची एक रीत मात्र तेथे आजही आहे: आत जाताना जोडे दाराशी काढावे लागतात. आपल्या घरच्यासारखेच!

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा सर्व प्रपंच केला, ती सांगतो. ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे अंटार्क्टिका करारातील राष्ट्रांनी एका मसुद्यावर सह्या केल्या. १९९८ साली तो अमलात आला. त्याने संपूर्ण खंड शांतता आणि विज्ञान यांसाठी राखीव ठरविला आणि तेथे खनिजांच्या उत्खननास बंदी केली. भारत आणि नेदरलँड्स हे दोन्ही देश या व्यवस्थेत निर्णयाचा अधिकार असलेले सदस्य आहेत. या मसुद्याला एक परिशिष्ट कचऱ्याविषयी आहे. त्याचा सारांश असा: ज्याने कचरा निर्माण केला, त्यानेच तो शक्य तितका त्या खंडाबाहेर परत न्यावा. विद्युतघट, प्लास्टिक, रबर, इंधनाची पिंपे, सर्व काही.

बंधू-भगिनींनो, या वाक्यावर क्षणभर विचार करा. जगाच्या पाठीवर असा एक खंड आहे, जेथे दुसऱ्याची घाण उचलण्यासाठी जन्मलेला कोणी नाही. तेथे पदवी कितीही मोठी असो, आपले पिंप आपणच बांधून जहाजावर चढवावे लागते. हजारो वर्षे ज्यांच्या माथी इतरांची घाण मारली गेली, त्यांच्या लेकरांना या नियमाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळले पाहिजे.

आणि म्हणूनच एक प्रसंग सांगणे भाग आहे. मागील वर्षीच्या आपल्या संमेलनानंतर सभागृहात काय राहिले होते ते आठवते का? प्लास्टिकच्या थाळ्या, अर्धवट खाल्लेले अन्न, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या. भिंतीवर समतेचे फलक आणि टेबलांवर आपले उष्टे. आम्ही गाडीत जाऊन बसलो. आमची कन्या आली नाही. अर्ध्या तासाने ती आली, हात ओले होते. सभागृह साफ करणाऱ्या दोन स्त्रियांबरोबर तिने पिशव्या भरल्या होत्या. ती एवढेच म्हणाली, "बाबा, आजी हेच काम करायची ना?" आमची आई नगरपालिकेत झाडूकाम करीत असे. त्या झाडूवर आम्ही डॉक्टर झालो. आम्ही गाडी सुरू केली. बोलण्यासारखे काही नव्हते.

काहींच्या मनात शंका येईल की, एका थाळीने अथवा एका कुटुंबाने ध्रुवावर काय फरक पडणार? याचा हिशेब शास्त्रज्ञांनी केला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकचा उन्हाळअखेरीचा सुमारे तीन चौरस मीटर समुद्री बर्फ नाहीसा होतो. ॲम्स्टरडॅम ते मुंबई आणि परत या विमानप्रवासात प्रत्येकी ढोबळमानाने एक टन धरावा. म्हणजे चार जणांचे कुटुंब एकदा मायदेशी जाऊन आले की बारा चौरस मीटर बर्फ जातो. बारा चौरस मीटर म्हणजे किती? मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीहून किंचित अधिक. आपल्यापैकी कित्येक जण तेवढ्याच जागेत सात-आठ भावंडांसह वाढले आहेत.

भारतात दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, नेदरलँड्समध्ये सुमारे सात टन. याचा अर्थ, देश बदलताच आपला वाटा तिपटीहून अधिक झाला. गावाकडे राहिलेल्या आपल्या भावाला कोणी काटकसर शिकवू नये. त्याला अजून पुष्कळ मिळावयाचे आहे. काटकसर शिकायची आहे ती आपण. आणि बर्फ वितळून समुद्र चढला तर प्रथम कोणाच्या घरात पाणी शिरेल? तरंगता समुद्री बर्फ वितळल्याने पाणी फारसे चढत नाही, परंतु ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरील जमिनीवरचा बर्फ वितळला की चढते. या देशाचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीखाली आहे. १९५३ च्या पुरात येथे १,८३६ माणसे मेली, आणि मग या राष्ट्राने बांध घातले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भरतीच्या वेळी असे पाणी समुद्रात शिरतच नाही. समुद्र जितका वर, तितका निचरा कठीण. सखल जागी, नाल्याकाठी कोण राहते हे आपण जाणतो. गावातही आपली वस्ती उताराला आणि ओढ्याकडेलाच असे.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले विवर शास्त्रज्ञांनी जाहीर केले. शीतकपाट आणि फवाऱ्याचे डबे यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन हे त्याचे कारण होते. १९८७ साली माँट्रियल करार झाला, ती रसायने हळूहळू बंद झाली, आणि तो थर आज सावकाश भरून येत आहे. या विषयातील संशोधनासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी पॉल क्रुट्झेन हे ॲम्स्टरडॅमचे होते. स्वयंपाकघरातील एक वस्तू बदलली आणि दक्षिण ध्रुवावरचे आकाश सुधारू लागले. मात्र ती वस्तू केवळ सज्जनांच्या इच्छेने बदलली नाही, कायद्याने बदलली, हेही विसरू नये.

तेव्हा काय करावे? वैद्याच्या सवयीने चार मात्रा लिहून देतो.

पहिली मात्रा, घरातील ऊब. आमच्या घरी जानेवारीत तेवीस अंश तापमान असे आणि आम्ही अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बसत असू. ती बढाई होती. आता एकोणीस अंश आणि एक स्वेटर. घरात तान्हे मूल अथवा वृद्ध असतील तर त्यांच्या खोलीत अधिक ऊब ठेवावी. तेथे कंजुषी नको. या देशातील घरे ज्या वायूवर तापत, तो १९५९ साली खोनिंगेन प्रांतात सापडला. तो काढता काढता तेथील जमीन हादरू लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील उत्पादन थांबले. दक्षिणेकडील आपल्या उबेची किंमत उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या भिंतींनी मोजली. भिंतीत आणि छतात उष्णतारोधक थर घालणे हा याला चांगला उपाय आहे. ऊब तीच राहते, धूर कमी होतो.

दुसरी, प्रवास. आईवडिलांना भेटावयास जाऊ नका असे सांगणारा डॉक्टर आम्हांस व्हावयाचे नाही. अवश्य जा, परंतु दोन वेळा घाईने जाण्यापेक्षा एकदाच जा आणि अधिक दिवस राहा. शनिवार-रविवारच्या उन्हासाठी स्पेनला विमानाने जाणे सोडता येईल. बर्फ वितळण्यापूर्वी पाहून घेऊ म्हणून अंटार्क्टिकाच्या सहलीला जाण्याचीही आता प्रथा पडली आहे. २०२२-२३ च्या एका हंगामात एक लाखाहून अधिक पर्यटक गेले. रुग्ण अत्यवस्थ असताना भेटीस येणाऱ्यांची गर्दी त्याला बरे करीत नाही.

तिसरी, वस्तूंचा वापर. विनयपिटकात आनंद आणि उदयन राजाची कथा आहे. आनंदाला पाचशे चीवरे दान मिळाली तेव्हा राजाने विचारले, इतक्यांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? बिछान्यांची आवरणे, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी. आणि फडकी झिजली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यांनी हा ग्रंथ वाचलेला नव्हता. त्यांना गरज शिकवीत होती. आपल्याला गरज नाही, म्हणून आपल्याला विचाराने शिकले पाहिजे. फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे: लादलेली काटकसर माणसाला वाकविते, समजून स्वीकारलेली काटकसर त्याला ताठ उभे करते.

चौथी, मतदान. पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केलेल्या परदेशी नागरिकालाही या देशात नगरपरिषदेच्या निवडणुकीत मताधिकार आहे. घरे नैसर्गिक वायूपासून मुक्त कशी करावयाची याच्या योजना नगरपरिषदाच आखतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या गरीब कुटुंबांना त्यात आधी साह्य मिळावे, ही मागणी आपण नाही करणार तर कोण करणार? मताचे मोल ज्या समाजाला झगडून कळले, त्याने मतदानाच्या दिवशी घरी बसू नये.

नोव्हाया झेम्ल्याच्या त्या घरातील लोकांना भोवळ आली तेव्हा शेकोटी पेटविणे ही चूक होती, असे आम्ही म्हणणार नाही. थंडीत शेकोटी हवीच. चूक होती ती धुराची वाट न पाहण्याची. आणि आधी त्रास झाला तो आजाऱ्याला, उठून दार उघडले ते धडधाकटांनी. आपण आज शिकलेले, कमावते, धडधाकट आहोत. उठण्याची पाळी आपली आहे.

यंदा संयोजकांनी आमच्या विनंतीवरून स्टीलची ताटे आणली आहेत. जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपले ताट स्वतः धुवावे, उरलेले अन्न डब्यात भरून घरी न्यावे आणि सभागृह जसे मिळाले तसे परत करावे, एवढी विनंती करतो. ताटे विसळण्यासाठी पहिल्या रांगेत आम्ही उभे राहू; आमच्या कन्येने तशी अट घातली आहे. आणि गुलाबजाम यंदाही आहेत, असे समजते. एकच घ्यावा.



जयभीम! नमो बुद्धाय!